मजला न चढणारं छप्पर

उज्जैनच्या आमच्या कॉलनीत कुणाची वास्तुशांत असली की कुंटे बाई आहेर आणत नसत, पाण्याने भरलेला तांब्या आणत. खाली पूजा चालू असतानाच त्या जिना चढून गच्चीवर जात, मधोमध पाणी ओतत आणि कमरेवर हात ठेवून ते कुठे जातं ते बघत उभ्या राहत. मग खाली येऊन, गुरुजींचा मंत्र संपायची वाट न बघता निकाल सांगत, "पाणी थांबलं." यजमानाचा चेहरा पडे. बाई शांतपणे प्रसादाचा शिरा दुसऱ्यांदा मागून घेत.

माझ्याही गच्चीवर पाणी थांबलं होतं. "थोडं थांबलं तर काय बिघडलं, बाई?" असं मी विचारून बसलो. बाईंनी शिऱ्याची वाटी पुढे केली. श्रावणात आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर एक मोठा, तपकिरी नकाशा उमटला, तेव्हा माझ्या बायकोने तो त्यांना बोलावून दाखवला. "छान आलाय," एवढंच त्या म्हणाल्या.

बाई मुलींच्या शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारणाऱ्याला उत्तर ठरलेलं, "करायला हवं होतं, हे सिद्ध कर." हे 'सिद्ध कर' त्या सगळ्यांना ऐकवत. देवास गेटच्या भाजीवाल्याने "एकदम ताजी है, बाई" म्हटलं की "सिद्ध करो." नगरपालिकेच्या माणसाने पाणी रोज सोडतो म्हटलं की "सिद्ध करो." तो माणूस पुढे आमच्या गल्लीत यायचाच बंद झाला, आणि पाणीही.

दिवस उदारीकरणाचे होते. फ्रीगंजमधले जुने बंगले एकेक करून जात होते आणि त्या जागी निळ्या काचेची कॉम्प्लेक्सं उभी राहत होती. ज्याच्याकडे एक मजला होता त्याला दुसऱ्याची स्वप्नं पडत. प्रत्येक गच्चीवर पुढच्या मजल्याच्या आशेने लोखंडी सळया वर सोडलेल्या. दिल्लीत अर्थव्यवस्था उघडी झाली, आमच्याकडे सळया उघड्या पडल्या. माझ्याही गच्चीवर होत्या. त्यांवर आम्ही कपडे वाळत घालत असू.

बाईंच्या घरामागे त्यांचीच एक मोठी वखार होती. पूर्वी तिथे कापसाचा एक व्यापारी भाड्याने गाठी ठेवायचा. तो गेला, आणि एका वैशाखात वावटळीने वरचे पत्रेही गेले. एक पत्रा तर शेजारच्या डॉक्टरांच्या व्हरांड्यात, पेशंटच्या बाकावर जाऊन बसला. चार भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

त्या चार भिंती बघून बाईंचा भाचा दिलीप इंदूरहून आला. शाळेची सगळी वर्षं तो आत्याकडे वाढला होता. आता त्याच्या कमरेला पेजर होता आणि तो 'प्रॉपर्टीचं काम' करायचा. एरवी तो दिवाळीत तोंड दाखवून जायचा. या वेळी त्याने चकचकीत कागदावरचं एक रंगीत चित्र आणलं होतं. खाली दुकानं, वर दोन मजले, दारात ताडाचं झाड आणि कुत्रा फिरवणारी एक गोरी बाई. वर सोनेरी अक्षरांत नाव: 'वत्सला आर्केड'.

"आत्या, पार्टी तयार आहे. वखार, घर, सगळं डेव्हलप करू. लेंटर टाकायचं, स्लॅब पडला की झालं. तू माझ्याकडे इंदूरला. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे."

"ही बाई कोण?"

"चित्रातली आहे, आत्या."

"मग ती राहील इथे. मी का जाऊ?"

"तुझं नाव दिलंय बिल्डिंगला!"

"माणूस घरात असला की बिल्डिंगला त्याचं नाव लागत नाही, दिल्या. माणूस गेला की लागतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी जाहीर केलं की वखारीवर चौपाखी छप्पर घालणार. म्हणजे चारी भिंतींवरून चार उतार वर चढणार आणि मधल्या आढ्याला, माथ्यावरच्या आडव्या तुळईला, मिळणार. "त्यावर मजला चढत नाही," त्यांनी मला कुंपणावरून समजावलं. "टाकी बसत नाही. डिश लागत नाही. छप्पर पुरं झालं की दिल्याची पार्टी पळते आणि मी इथेच राहते. सिद्ध."

बाईंनी बोलावलेला करीम मिस्त्री दारं-खिडक्या करणारा माणूस. तो गयावया करू लागला. "बाई, दो पल्ले का बना दूँ? आसान पड़ेगा."

"दोन पाखांचं केलं की दोन बाजूंना भिंतीचा त्रिकोण राहतो. तिथे दिल्या पाटी लावेल. चार ही बनेगा."

"चार मैंने कभी बनाया नहीं."

"मैंने भी नहीं. बैठो."

बाईंनी वखारीच्या फरशीवर खडूने आराखडा काढला, खऱ्या मापाचा. कोपऱ्यातून तिरका वर जाऊन आढ्याच्या टोकाला भिडतो तो कोनवासा. त्याची लांबी काढायला त्यांनी पायथागोरस दोनदा लावला, एकदा आडवा आणि एकदा उभा. करीम खडूच्या रेषा ओलांडताना चपला काढू लागला.

दिलीप आता दर रविवारी येऊ लागला. दुपारपर्यंत आत्या-भाच्याचं भांडण आम्हाला ऐकू येई. "पैसा मातीत घालते आहेस!" "माझी माती!" संध्याकाळी त्याची मारुती गाडी निघून जाई. पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

कोनवासे चढवायचे तो दिवसही रविवारच होता. आढं टेकूंवर उभं होतं. पहिला कोनवासा वर गेला आणि अडला.

"बाई, लंबा पड़ रहा है."

"पडणार नाही. फिर से नापो."

पुन्हा मोजला. तरी अंगठाभर लांबच. बाई फरशीवर बसल्या आणि खडूच्या रेषांकडे बघत राहिल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी मुलींकडून घोकून घेतलं होतं की रेषेला लांबी असते, जाडी नसते. आराखड्यात आढं म्हणजे एक रेषा होती. वर मात्र ते चांगलं जाडजूड सागवानी लाकूड होतं आणि त्या जाडीची जागा बाईंनी कुठे वजाच केली नव्हती.

"चुकलं ना?" दिलीपने आनंदाने विचारलं.

"भूमिती बरोबर आहे. लाकूड जाड आहे."

"म्हणजे चुकलं!"

"लांब झालंय, आखूड नाही. लांबीला करवत आहे. आखूडपणाला काय आहे तुझ्याकडे, लिफ्ट?" बाई उठल्या. "करीम, काटो. आणि तू, वर चढ आणि तो कोपरा धर."

"आत्या, मी हे काम थांबवायला आलोय!"

"आधी धर. मग थांबव."

आणि तो चढला. पॉलिशचे बूट, इस्त्रीची पँट. कोनवाशाचं खालचं टोक त्याने दोन्ही हातांनी कवटाळलं, वरून करीम खिळे ठोकू लागला. पेजर वाजत राहिला, कारण तो बंद करायला हात मोकळा नव्हता. "डावीकडे, गाढवा!" बाई खालून ओरडत होत्या. "भैया, छोड़ना मत!" करीम वरून. दिलीपचा चेहरा मला दिसत होता. घामाने निथळत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

दसऱ्याच्या आत छप्पर पुरं झालं. चारी बाजूंनी कवेलू, म्हणजे आपली कौलं, चारी बाजूंना वळचण. बघायला कॉलनी लोटली. आत काय ठेवणार, असं डॉक्टरांनी विचारलं. "हवा," बाई म्हणाल्या. पार्टी खरंच पळाली. दिलीप शेवटचा आला, वखारीत उभा राहून बराच वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, "जिंकलीस, आत्या." मला वाटलं, आता बाईंचं भाषण होणार.  पण मारुती फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या तिकडेच बघत होत्या.

त्यानंतर दिवाळीत तो तासभर येऊन गेला. मग कुणी नाही. एकदा माझी बायको म्हणाली, "लक्षात आलं का, बाईंकडून हल्ली रविवारी दाल-बाफल्यांचा वास येत नाही? त्या भांडणाच्या दिवसांत दर रविवारी यायचा."

पौषातली एक सकाळ. निरभ्र आभाळ, कोरडी थंडी. बाई आमच्याकडे आल्या. आमच्याकडे नुकताच टेलिफोन बसला होता.

"दिल्याला लाव," त्या म्हणाल्या. "सांग, छप्पर गळतंय. ईशान्येचा कोपरा. त्यानेच धरला होता."

"पण बाई..." मी खिडकीबाहेर बघितलं. अंगणात लख्ख ऊन होतं.

"तुला लावता येत नसेल तर मी लावते."

मी लावला. पलीकडे दिलीपने सगळं ऐकून घेतलं. 

"काका," तो म्हणाला, "उज्जैनला पाऊस आहे?"

मी बाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या. ते मागच्या वर्षीचं होतं.

"भुरभुर आहे," मी म्हणालो. "रविवारपर्यंत टिकेल असं दिसतं."

"बरं," दिलीप म्हणाला. "छत्री घेऊन येतो."