बुक्काची एकादशी

द्वादशीच्या सकाळी धोंडीबाई तुळशीला पाणी घालून वळल्या, तर बुक्का पायरीवर आडवा पडलेला. पोट मृदंगासारखं ताणलेलं, जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. सुनेनं समोर ठेवलेल्या दूधभाताकडे त्यानं एकदा पाहिलं आणि पंगतीत नको तितका आग्रह झालेल्या पाहुण्यासारखं तोंड फिरवलं.

"किशोर, उठ रे," धोंडीबाईंनी मुलाला हाक मारली. "परत तसंच झालंय त्याला."

परत म्हणजे गेल्या कित्येक पंधरवड्यांसारखं. एरवी हा कुत्रा शेजारच्या कोंबड्यांना पळवायचा, धसईच्या एसटीवर भुंकायचा, वालाच्या शेतातून उड्या मारत सुटायचा. एकादशीची रात्र सरली की मात्र द्वादशीला अंथरूण धरायचा. त्रयोदशीला जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा कोंबड्यांमागे.

बुक्का या घरात आला तो कीर्तनातूनच. धोंडीबाईंचे यजमान लडकूबुवा टाळकऱ्यांत पहिले. त्यांनी चाल धरली की आवाज नदीच्या पल्याड जायचा आणि पल्याडची माणसं हातातलं काम टाकून यायची. तेव्हा मंडपात गॅसबत्त्या असायच्या. बत्तीत हवा भरायला कुणी उठलं की कीर्तनकार तेवढ्यापुरतं निरूपण थांबवायचे, आणि त्या सूं आवाजातसुद्धा लोकांना विठ्ठल ऐकू यायचा. पुढे बऱ्याच वर्षांनी एका कीर्तनाहून लडकूबुवा परतले, तर त्यांच्या घोंगडीच्या घडीत एक पांढरं पिल्लू झोपलेलं. कपाळावर मधोमध काळा ठिपका. "आपल्याआधी ह्यानंच बुक्का लावून घेतला बघ," ते बायकोला म्हणाले, आणि नाव पडलं.

दोन वर्षांमागं लडकूबुवा गेले. त्यानंतर जी पहिली एकादशी आली, त्या दिवशी बुक्का त्यांच्या टाळांच्या खुंटीखाली बसून राहिला. भाताला तोंड लावलं नाही. त्याला मालकाची आठवण येत होती, की धोंडीबाईंनी रडता रडता भातात मीठ जास्त टाकलं होतं, ते विठ्ठलालाच ठाऊक. धोंडीबाईंनी मात्र डोळे पुसून जाहीर केलं, "त्यानं एकादशी धरली. ह्यांचा नेम तो चालवतोय." आणि तेव्हापासून दर एकादशीला बुक्काची थाळी सकाळीच धुऊन पालथी पडू लागली.

गोष्ट गावभर झाली. सप्ताहाला शहापूरकडून आलेल्या कीर्तनकारांनी तर मंडपात भर निरूपणात दृष्टांतच दिला, "अहो, मुक्या जनावराला कळते ती एकादशी तुम्हा-आम्हाला कळू नये?" माना डोलल्या, बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या बुक्कानं भली मोठी जांभई दिली. यानंतर त्याचा उपास मोडणं म्हणजे अख्ख्या गावाचा उपास मोडण्यासारखं झालं.

"नजर हाये, दुसरं काय नाय," शेजारची हौसा कुंपणापलीकडून म्हणाली. "कीर्तनात नाव निघालं ना वहिनी, तेवापास्नं."

"आजी, गॅस झालाय त्याला," कॉलेजात जाणारी नात रविना मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली. "उपाशी पोटी होतो. इथं लिवलंय."

"तुला गो काय कळतं उपासातलं?"

"मला नाय कळत. मोबाइलला कळतं."

धोंडीबाईंनी नातीकडे दुर्लक्ष केलं आणि बुक्काच्या पोटावर हात ठेवला. तो कण्हला. त्यांचा हात तसाच राहिला. लडकूबुवांच्या शेवटच्या आजारातही सुरुवातीला सगळे 'गॅस झालाय' असंच म्हणत होते.

"मुरबाडला नेऊ त्याला," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

मुरबाडच्या जनावरांच्या डॉक्टर संजीवनीबाई वयानं लहान, पण बोलणं मुद्देसूद. त्यांनी पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, ताप पाहिला.

"काल काय खाल्लं यानं?"

"काय नाय," धोंडीबाई म्हणाल्या. "एकादशी होती."

"तुमची की त्याची?"

"दोघांची."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किशोर भिंतीवरचं गाईचं चित्र निरखू लागला. सून सरिता पदराचं टोक चाळवत उभी राहिली, रविना मोबाइलमध्ये तोंड घालून.

"मावशी, कुत्र्याला उपास घालू नका," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "पोट रिकामं राहिल्यानं असं होत असेल. पुढच्या वेळी थोडंसं काहीतरी पोटात जाऊ द्या."

परतीच्या जीपमध्ये धोंडीबाई मांडीवरच्या बुक्काला थोपटत म्हणाल्या, "डॉक्टरीण गुणाची हाये. पण तिला एकादशीचं काय कळतं?" यावर कुणी काही बोललं नाही. धोंडीबाईंना वाटलं, सगळ्यांना पटलं. खरं तर जीपमधला प्रत्येक जण खिडकीबाहेरच्या पेंढ्यांच्या उडव्या बघत मनाशी काही ठरवत होता.

पुढची एकादशी आली. थाळी पालथी पडली. आणि द्वादशीच्या सकाळी बुक्काची अशी अवस्था झाली की मागचा आजार बरा म्हणायचा. पोट नगाऱ्याएवढं झालेलं. उभं राहवेना, बसवेना. अंगणात चार पावलं टाकून तो मटकन खाली बसला आणि धोंडीबाईंकडे बघत राहिला.

"असं नको रे बघूस," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "ते पण असंच बघायचे."

धोंडीबाईंनी अजून पारणं सोडलं नव्हतं. तशाच उठल्या. घरातले सगळे निघाले, हौसाही निघाली, कारण वहिनीला अशा वेळी एकटं सोडणं तिला बरं दिसेना. जीपवाला जैतू मात्र अडून बसला.

"काकी, गाडीत वकला तर?"

"उपाशी पोटी काय वकणार तो? चल."

जैतूला हे पटलं. बुक्कानंही शब्द राखला. धसई ते मुरबाडचे सगळे खड्डे त्यानं पोटात घेतले, दवाखान्याच्या पायऱ्या किशोरच्या खांद्यावर चढला, आणि डॉक्टरांच्या ओसरीत, अगदी सगळ्यांच्या मधोमध, मन मोकळं केलं.

 उपाशी कुत्र्याच्या पोटातून एवढं निघतं हे पाहूनच सगळे थक्क झाले होते. संजीवनीबाई काडी घेऊन उकिडव्या बसल्या आणि कीर्तनकार अभंगाचा एकेक चरण सोडवतो तसं एकेक बाजूला करू लागल्या.

"साबुदाण्याची खिचडी. शेंगदाण्याचं कूट भरपूर."

सरितानं पदर तोंडाला लावला. "उपासाचंच दिलं मी, आई," ती सासूला म्हणाली. "एवढीशी. सगळे खातात नि तो नुस्ता तोंडाकडं बघतो. घास उतरत नाय."

"एवढीशी नाही ही," डॉक्टर म्हणाल्या. "हा पाव आहे. बटाटावडा. आणि ही अख्खी मिरची."

सगळ्यांनी किशोरकडे पाहिलं. तो मुरबाडच्या कारखान्यात कामाला, आणि वड्याची गाडी स्टँडच्या तोंडावर.

"डॉक्टरच बोलल्या ना, कायतरी द्या म्हणून," तो चाचरत म्हणाला. "म्हणून दोन आणले."

"दोन त्याला?" धोंडीबाईंनी विचारलं.

किशोरनं पुन्हा भिंतीवरची गाय गाठली. "एक त्याला."

"आन् दुसरा?"

"बाबा, सांगून टाक," रविना म्हणाली. "रोज कामावरनं येताना तुझ्या तोंडाला लसणाचा वास येतो. एकादशीला पण."

"आणि हे लाल लाल लांबडं?" डॉक्टरांनी काडीवर एक शेवई उचलून धरली.

आता रविनाचा मोबाइल पहिल्यांदाच पर्समध्ये गेला. "चायनीज भेळ," ती पुटपुटली. "कॉलेजच्या बाहेर मिळते. त्याला आवडते, आजी. मी थोडीच देते. आदल्या वेळी पण थोडीच दिली होती."

धोंडीबाई भिंतीला टेकल्या. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच घरात, एक थाळी पालथी घातली की तीन थाळ्या सुलट्या होत होत्या, आणि तिन्ही एकमेकींपासून लपून. बुक्कानं तरी कुणाकुणाला नाही म्हणावं? मागच्या वेळी डॉक्टरांनी 'थोडंसं' म्हटलं, ते या तिघांनी आपापल्या मापानं दुप्पट केलं होतं.

"अजून आहे," संजीवनीबाई म्हणाल्या. त्यांनी काडीनं शेवटचा ऐवज पुढे ओढला. बारीक काट्यांचा, चपटा, वासानं ओळख पटेल असा. "सुका बोंबील. भाजलेला. एक नाही, तीन-चार."

माळकरी घरातली माणसं एक पाऊल मागं सरली आणि सगळ्यांच्या नजरा हौसाकडे वळल्या. त्या मंडळींत बोंबील खाणारी तीच एक.

"हौसाकाकू, तुमी?" किशोरच्या आवाजात आता जरा जोर आला. आपल्यापेक्षा मोठा अपराधी सापडल्यावर येतो तसा.

हौसानं तोंड उघडलं, धोंडीबाईंकडे पाहिलं आणि मिटलं. मग म्हणाली, "मी कशाला कुत्र्याला बोंबील घालीन? पावसाळ्यापुरते डब्यात ठेवलेले हायेत माझे." आणि पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागली.

"मग कुणी दिला?"

"मी," धोंडीबाई म्हणाल्या.

गळ्यातली माळ त्यांनी मुठीत धरली होती. सरिता काही विचारायच्या आतच त्या सांगू लागल्या, कुणाकडे न बघता, समोरच्या दाराबाहेर बघत.

"लग्न झालं तवा ह्यांच्या गळ्यात माळ नव्हती. भाकरीबरोबर भाजलेला बोंबील असला की ह्यांना दुसरं काय लागायचं नाय. माझ्या माहेरी माळ. मी पयल्या वर्सालाच हट्ट धरला, माळ घाला नायतर मी नांदायची नाय. घातली. त्या दिवसापास्नं जल्मभर बोंबलाकडं बघितलं नाय त्यांनी. कवा बोलून दाखवलं नाय. फक्त हौसाच्या चुलीवर बोंबील भाजायला लागला की ओटीवर बसून मोठ्यानं हरिपाठ म्हणायचे." त्या थोडं थांबल्या. "ते गेले. पयली एकादशी आली. मी दिवसभर उपाशी, हा बी खुंटीखाली उपाशी. संध्याकाळी हौसाची चूल पेटली. ह्यानं मान वर केली नि वास घेतला. अगदी तसाच. माझ्यानं राहवलं नाय. हौसाकडनं पदराखाली मागून आणला. म्हटलं, त्यांच्या वाटचा एवढा घास ह्याच्या पोटात जाव दे. तेवापास्नं दर एकादशीला."

"म्हणजे एकादशी धरली ती…" रविना म्हणता म्हणता थांबली.

"पयल्या दिवशी मीच मोडली. मोडून मग जाहीर केली." धोंडीबाईंनी नाक पुसलं. "कीर्तनात दृष्टांत आला तवा जमीन फाटंल तर बरं असं झालं होतं मला."

 हौसा हळूच म्हणाली, "मी म्हटलं होतं वहिनीला, काटा तरी काढ." त्यावर पहिल्यांदा डॉक्टरच हसल्या, आणि मग कुणालाच आवरेना. धोंडीबाईंनाही. तोंडात पदर कोंबून त्या हसल्या आणि त्याच पदरानं त्यांनी डोळे पुसले.

संजीवनीबाईंनी इंजेक्शन दिलं, औषध दिलं आणि मग बोट उचललं. "आता नीट ऐका. उद्या सकाळपर्यंत याच्या पोटात पाण्याशिवाय काही जाता कामा नये. काही म्हणजे काही नाही. आतडं सुजलंय. आज कुणी एक घास जरी दिला तर मी जबाबदार नाही."

"म्हणजे एकादशीच झाली," धोंडीबाई म्हणाल्या.

"हो. पण खरी करा."

घरी आल्यावर पंचाईत अशी झाली की कुणाचा कुणावर भरवसा राहिला नाही. सरिता स्वयंपाकघराकडे वळली की किशोर तिच्या मागं. किशोर परसात गेला की रविना त्याच्या मागं. आणि तिघांचीही नजर आजीच्या पदरावर. शेवटी धोंडीबाईंनीच निकाल दिला, "आज चूल पेटवायची नाय. घरात शिजलंच नाय तर जाणार कुठनं?"

"आये, पण तुझं पारणं?" किशोर म्हणाला.

"तो उपाशी नि मी पारणं सोडू?"

तेव्हा ओटीवर घोंगडी अंथरली गेली. मधे बुक्का, भोवती चौघं. दुपार कलली. किशोरच्या पोटानं वड्याची वेळ झाल्याचं दोनदा कळवलं. वेळ जाईना म्हणून धोंडीबाई लडकूबुवांच्या गोष्टी सांगू लागल्या. रात्रीच्या कीर्तनाहून येताना ते बांधावर पुढे चालायचे, हातात कंदील, तोंडात चाल, आणि मागं चालणाऱ्या बायकोला फक्त ती चाल ऐकून कळायचं की पुढे चिखल आहे की कोरडं. चिखल असला की ते चाल लांबवायचे. सांगता सांगता त्या ती चाल गुणगुणू लागल्या. ते गेल्यापासून या घरात ती कुणी म्हटली नव्हती. रविनाला वाटलं आपल्याला येत नाही, पण शब्द तिच्या तोंडात आधीच होते.

बुक्काचा श्वास हळूहळू संथ होत गेला. धोंडीबाईंचा हात त्याच्या कानाकडे गेला.

"आजी, हात दाखव," रविना म्हणाली.

धोंडीबाईंनी रिकामा तळवा उचलून धरला. "आता तुमी पण दाखवा."

चौघांनी हात वर केले. चाल मात्र सुरूच होती. नेमका त्याच वेळी लडकूबुवांचा जुना मृदंगी, म्हातारा चंदर, समोरच्या रस्त्यानं चालला होता. ओटीवर घोंगडी, वर उचललेले हात, आणि कितीतरी दिवसांनी कानावर आलेली ती चाल. त्यानं घाईघाईनं चपला काढल्या आणि वर येऊन बसला.

"कवा सुरू झालं? मला कुणी सांगितलं नाय."

"बस चंदर," धोंडीबाई म्हणाल्या. "पण आधी खिशात काय हाये ते काढ."

चंदर ओशाळला. खिशातून बिस्किटाचा पुडा निघाला. "काल द्यायचा राह्यला, वहिनी. रोज नाय देत मी. एकादशीलाच. उपाशी असतो ना बिचारा."

धोंडीबाईंनी पुडा घेतला आणि पदराला गाठ मारली. किशोरनं त्या गाठीकडे फार आशेनं पाहिलं.

"बरं, चहा तरी टाका कुणी," चंदर मांडी घालत म्हणाला.

"चूल नाय पेटायची. एकादशी हाये."

"काल झाली की गो."

"काल नुस्ती तिथी होती," धोंडीबाई म्हणाल्या. "एकादशी आज हाये."

चंदरनं एकेकाच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं, मग झोपलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. समजलं काहीच नाही. पण चाल समेवर येत होती, म्हणून त्यानं रिकामा पत्र्याचा डबा पुढे ओढला आणि ठेका धरला.