बीजिंगचा सरावप्रवास

झिमोवका स्थानकावर चौतीस वर्षं गाड्यांच्या घोषणा करून ताइसिया गोर्देयेव्ना निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ज्या गाडीचं नाव आपण सर्वांत ठसक्यात घेतलं, तिच्यात आपण एकदाही बसलेलो नाही. मॉस्कोहून निघून, सैबेरिया तुडवत, मंगोलियातून बीजिंगला जाणारी ती गाडी आठवड्यातून एकदा झिमोवक्यात पंधरा मिनिटं थांबायची. त्या पंधरा मिनिटांत ताइसियाबाई डब्याची देखभाल करणाऱ्या बाईच्या हाती लिंगोनबेरीच्या मुरंब्याची बरणी सोपवत. परतीच्या गाडीने त्याच बरणीतून वाळवलेल्या दह्याच्या वड्या येत. पाठवणारी दुल्मा, सरहद्दीपलीकडच्या मंगोल स्थानकावरची त्यांच्यासारखीच घोषणा करणारी. दोघींची ओळख रेल्वेच्या फोनवर झालेली, बावीस वर्षांपूर्वी. एकमेकींचा सर्दी झालेला आवाजसुद्धा त्यांना ओळखू यायचा. चेहरा मात्र दोघींनी पाहिला नव्हता.

त्या वसंतात बरणीतून चिठ्ठी आली. "ताया, सप्टेंबरात ये. इथून दोघी मिळून बीजिंगला जाऊ. डॉक्टर म्हणतो, माझे गुडघे अजून एक वर्ष चालतील. डॉक्टर खोटारडा आहे, म्हणून सहा महिने धर."

ताइसियाबाईंनी डोक्याला नवा रुमाल बांधला आणि तिकीट काढायला गेल्या.

तिकीटखिडकीतल्या बाईने सांगितलं, परदेशगमनाचा परवाना असल्याशिवाय तिकीट मिळणार नाही. परवान्याच्या कचेरीत सांगितलं, तिकीट असल्याशिवाय परवाना मिळणार नाही. देशाचं नाव बदलून पाच वर्षं झाली होती. कचेरीतले रबरी शिक्के मात्र आधीच्याच देशाचे होते आणि त्याच जोमाने उमटत होते. ताइसियाबाई दोन्ही खिडक्यांमध्ये अकरा फेऱ्या मारून आल्यावर परवानावाल्या बाईला दया आली.

"तिकिटाचं पुढे बघू. प्रवासाचा हेतू काय लिहू?"

"बघायला जायचंय."

"बघायला हा हेतू यादीत नाही, बाई. सरकारी काम, व्यापार, उपचार, अंत्यविधी आणि सांस्कृतिक देवाणघेवाण. यातलं काय ते बोला."

"अंत्यविधी नको. मैत्रीण जिवंत आहे."

"व्यापाराला माल दाखवावा लागतो. तुम्ही आपलं सांस्कृतिक घ्या. त्याला काहीच दाखवावं लागत नाही."

एवढ्या सुज्ञ सल्ल्यातूनच पुढचं सगळं उद्भवलं. सांस्कृतिक देवाणघेवाण एकट्याने करता येत नाही, तिला शिष्टमंडळ लागतं, आणि शिष्टमंडळाला सक्षम प्राधिकारी लागतो. झिमोवक्यात असा प्राधिकारी एकच होता, सांस्कृतिक भवनाचे संचालक कपितोन सावेल्येविच. गृहस्थ मनाने मोठे. कुणाचंही काम अडलं तर ते लगेच समिती नेमत.

"ताइसिया गोर्देयेव्ना, तुम्ही अगदी योग्य जागी आलात," ते म्हणाले. "आता तुम्ही काळजी करायची नाही. आता आम्ही काळजी करणार."

शिष्टमंडळ पाच जणांचं ठरलं. नेते स्वतः कपितोन सावेल्येविच. उपनेत्या त्यांच्या पत्नी, कारण त्यांना रेशमाची पारख होती. सचिव म्हणून मेहुणा आणि निरीक्षक म्हणून मेहुण्याचा शेजारी. पाचव्या जागेवर, 'जनसामान्यांच्या प्रतिनिधी' या सदराखाली, ताइसियाबाई.

दर गुरुवारी दुपारी तीनला नियोजनाची बैठक असे. पहिल्या तीन बैठका झाल्याच नाहीत, कारण विषय रेल्वेचा असल्याने मेहुण्याने नोटिशीत रेल्वेच्या शिरस्त्याप्रमाणे मॉस्कोची वेळ घातली होती. झिमोवक्यात तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असत आणि भवनाला कुलूप. चौथ्या बैठकीत वेळेचा प्रश्न सुटला. पाचवीत मंगोलिया आला. सहावीत तो रद्द करता येईल का, यावर चर्चा झाली, कारण तीनऐवजी दोनच देश असले तर एक अर्ज कमी भरावा लागला असता.

"पण मला मंगोलियातच उतरायचंय," ताइसियाबाई म्हणाल्या. "दुल्मा तिथे आहे."

"वैयक्तिक भावना इतिवृत्तात घेऊ नका," कपितोन सावेल्येविच मेहुण्याला म्हणाले.

ऑगस्ट उजाडला. वरच्या कार्यालयाकडून पत्र आलं: पूर्वानुभव नसलेलं शिष्टमंडळ परदेशी पाठवणं देशाच्या प्रतिष्ठेला धोकादायक आहे, सबब प्रस्थानापूर्वी सराव करून त्याचा अहवाल सादर करावा.

सराव म्हणजे प्रवासाचा सराव. लाकडाच्या वखारीमागे एका मोडक्या रुळावर जुना डबा उभा होता, तो मिळवण्यात आला. पाचही जण सामानासह चढले. झिमोवका ते बीजिंग अडीच दिवस लागतात. यांनी सावधगिरी म्हणून तीन धरले. उपनेत्यांनी धुरावलेला ओमूल मासा, उकडलेली अंडी आणि कोबीचं सारण भरलेले पिरोझकी पाव आणले होते. मेहुणा दर तासाला उठून कुठलं स्थानक आलं ते जाहीर करी. खिडकीतून वखार दिसे. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी निरीक्षकाला गोबीच्या वाळवंटात उंट दिसला आणि त्याची नोंद झाली.

चीनच्या सरहद्दीवर डबे उचलून चाकं बदलतात, कारण पुढचे रूळ अरुंद आहेत. म्हणून सगळे चार तास हालचाल न करता बसले. मात्र खरी कसोटी शौचालयाने घेतली. गाडी स्थानकात उभी असताना शौचालय बंद ठेवायचं, असा रेल्वेचा नियम आहे. आणि हा डबा तिन्ही दिवस स्थानकाच्या हद्दीतच उभा होता. नियम पाळला गेला. वखारीच्या मालकाने नंतर तक्रार केली, ती वेगळ्या नस्तीत आहे.

अहवाल एकवीस पानी झाला. तो इतका उत्तम होता की वरच्या कार्यालयाने त्याला पंधरा दिवसांत कार्योत्तर मंजुरी दिली. मंजुरीसोबत पाच प्रशस्तिपत्रकं आली: 'रशिया, मंगोलिया व चीन असा सांस्कृतिक प्रवास यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल'.

ताइसियाबाई प्रशस्तिपत्रक हातात धरून भवनात आल्या.

"अहो, चुकून 'सराव' शब्द गळलाय. आता निघायचं कधी?"

कपितोन सावेल्येविच हळुवारपणे म्हणाले, "ताइसिया गोर्देयेव्ना, आपण जाऊन आलोय."

"कुठे?"

"तिथेच. मंजुरी आहे, शिक्का आहे. आता पुन्हा जायचं म्हणजे एकाच कामासाठी दोनदा प्रवास. त्याला गैरव्यवहार म्हणतात. तुमच्यासारख्या प्रतिष्ठित प्रवासी बाईंनी असं बोलणं बरं नाही."

ताइसियाबाई घरी येऊन बसल्या. मुरंबा उकळत ठेवला होता तो खाली लागला, तरी उठल्या नाहीत. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून दिली होती आणि कधी आवाज कापू दिला नव्हता. त्या संध्याकाळी त्या ओट्यापाशी उभं राहून रडल्या. मग पातेलं घासायला घेतलं.

सप्टेंबरच्या शेवटी दारावर काठीची थाप पडली. दारात एक बुटकी, रुंद म्हातारी. पाठीवर स्वतःपेक्षा मोठं बोचकं.

"बावीस वर्षं कानात बोलत्येस आणि चहाला बोलवत नाहीस होय गं?" ती म्हणाली, आणि ताइसियाबाईंनी आवाज ओळखला.

"दुल्मा! तू कशी आलीस?"

"गाडीत बसले. तू कशी येणार होतीस?"

"तुझं शिष्टमंडळ?"

"हे काय, पाठीवर आहे. कातडी कोट आहेत, चौदा. व्यापारी म्हणून आले." ती धपकन बसली आणि गुडघे चोळू लागली. "चहा टाक आधी. आमच्याकडच्यासारखं मीठ घाल. आणि दूध घाल. नुसतं पाणी काय पाजतेस."

सगळी हकिगत ऐकून दुल्माला आधी हसू आलं, मग राग. दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत थेट सांस्कृतिक भवनात गेली. ताइसियाबाई मागोमाग.

"साहेब, माझ्या मैत्रिणीला मला भेटायला यायचं होतं. तुम्ही अडवलंत."

कपितोन सावेल्येविचनी अहवाल काढला. "अडवलं? बाई, पान सात बघा. 'शिष्टमंडळाने श्रीमती दुल्मा यांची त्यांच्या स्थानकावर भेट घेतली. त्यांची प्रकृती उत्तम असून गुडघ्यांबाबत कोणतीही तक्रार नाही.' तुमची सही तेवढी राहिलीये. इथे करा."

"माझे गुडघे दुखतायत."

"अहवालात दुखत नाहीत. जरा सहकार्य करा."

दुल्माने अहवाल मिटून परत सरकवला. मग ताइसियाबाईंकडे वळून म्हणाली, "ताया, तुमच्या बाजारात रबरी बूट मिळतात का गं?"

बुटांचे वीस जोड घेऊन दोघी परवान्याच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. हेतू: व्यापार. माल: समोर. खिडकीतल्या बाईने एक जोड पायात घालून पाहिला, तो तिने काढला नाही, आणि पाऊण तासात परवाना झाला. ताइसियाबाईंना नाव बदलण्याची गरज पडली नाही, कारण सांस्कृतिक ताइसिया आणि व्यापारी ताइसिया यांच्या नस्त्या वेगवेगळ्या कपाटांत असतात.

गुरुवारी गाडी आली. दोघी बसल्या. दुल्माने खालचा बाक घेतला, बूट वरच्या बाकावर ठेवले.

तीन आठवड्यांनी, दुल्माला वाटेत तिच्या स्थानकावर उतरवून, ताइसियाबाई एकट्या परतल्या. गालांवर ऊन होतं, चाल बदलली होती. गावात बातमी पसरली आणि सांस्कृतिक भवनात अनुभवकथन ठेवण्यात आलं. दोनशे खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत शिष्टमंडळ.

ताइसियाबाई साधंच बोलल्या. बीजिंगच्या एका बागेत एक म्हातारा पहाटे येतो, म्हणाल्या. हातात काठीएवढा कुंचला आणि पाण्याची बादली. फरसबंदीवर पाण्याने अक्षरं काढतो. सुंदर, टपोरी अक्षरं. ओळ संपेपर्यंत पहिलं अक्षर वाळून गेलेलं असतं. मग तो तिथेच पुन्हा लिहितो. "आम्ही रोज सकाळी तिथे बसायचो. दुल्माचे गुडघे तिथवरच जायचे. तिने त्याला विचारलं, बाबा, काय लिहिता? त्याला आमची भाषा येत नव्हती. त्याने तिच्या हातात कुंचला दिला. तिने तिचं नाव लिहिलं, मी माझं. आम्ही तिघं ते वाळताना बघत बसलो."

सभागृहात खाकरण्याचा आवाज झाला.

"राजवाडा?" मागून कुणी तरी विचारलं.

"आम्ही गेलो त्या दिवशी बंद होता."

"बंद!"

कपितोन सावेल्येविच उठले. "पान अकरा. 'शिष्टमंडळाने राजवाडा आतून पाहिला व तो समाधानकारक आढळला. छपरे सोनेरी.'"

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मागची बाई म्हणाली, "बघा, त्यांना बरोबर दिसलं. या एवढ्या लांब गेल्या नि ओली फरशी बघून आल्या!" दुसरा ओरडला, "उंटसुद्धा नाही!" झिमोवका हे न्यायप्रिय गाव आहे, त्यामुळे मतदान घेण्यात आलं. कोणता प्रवास खरा धरायचा: वखारीमागचा की हा? ताइसियाबाई व्यासपीठावर शांत उभ्या होत्या. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या. वखारीमागच्या प्रवासाच्या बाजूने भराभर हात वर गेले.

तुम्ही हसताय. हसा. पण रशिया, मंगोलिया, चीन म्हटल्यावर तुम्हीही छपरं सोनेरी असतील म्हणूनच इथवर आलात ना? त्या म्हाताऱ्याची अक्षरं वाळेपर्यंत थांबलात, की पटकन पुढच्या ओळीवर गेलात? मग लाजताय कशाला, करा हात वर. मोजणी अजून चालू आहे.