पुरातलं वासरू आणि वर्षाचं एक पान

पुस्तकाला खरा धोका वाळवीपासून नसून वाचकांपासून असतो. नंदनवन वस्तीतल्या आमच्या वाचनालयाच्या समितीला हे सत्य १९७० साली उमगलं. त्या वर्षी एका दानशूर गृहस्थांनी मुलांसाठी जपान, इराण, सिलोन, ब्रह्मदेश इथल्या गोष्टींची मराठीत उतरवलेली रंगीत पुस्तकं भेट दिली. (इंग्लंडबाहेरही पऱ्या असतात, हे समितीला तेव्हाच कळलं.) पुस्तकं इतकी देखणी होती, की ती मुलांच्या हाती देणं शक्यच नव्हतं.

सबब सीताबर्डीहून काचेचं कपाट आणून त्याला कुलूप घातलं. तथापि मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून ब्रह्मदेशाचं पुस्तक आत उघडं ठेवलं, आणि दर वर्धापनदिनी प्रमुख पाहुण्यांनी त्याचं एक पान उलटावं असं ठरलं. शाल, श्रीफळ, पान, चहा.

विणकर देवरावांची पुष्पलता तेव्हा तिसरीत होती. गोष्टीत एका नावाड्याचं वासरू पुरात सापडलं, आणि नेमकं तिथंच वर्ष संपलं. पोरगी काचेला नाक लावून रडकुंडीला आली.

"काकाजी, वासरू जगते का जी?"

"काहून घाई करून राहिली वं?" अध्यक्ष चंपतराव म्हणाले. "पुढच्या वर्षी पाहुणे येतेतच ना!"

पुढच्या वर्षी पाहुण्यांनी पान चुकून मागं उलटलं. वासरू वर्षभर काठावर चरलं आणि त्यानंतरच्या वर्षी रीतसर पुन्हा वाहून गेलं. मग पाहुणे कोण बोलवायचे यावर समितीत मतभेद झाले आणि पान तहकूब झालं. वासराच्या प्रकृतीबद्दल समितीनं काही मत व्यक्त केलं नाही.

१९८७ साली मात्र पाहुण्यांबाबत एकमत झालं. पुष्पलता नायब तहसीलदार झाली होती. (वाचनालयाच्या जागेचा अर्ज तिच्याच टेबलावर होता.) शाल झाली, श्रीफळ झालं. कुलूप उघडलं. तिनं पान उलटलं, आणि मग दुसरं उलटलं.

"बाई, एकच पान जी! रिवाज आहे!" चंपतराव कळवळले.

"काकाजी, मी तिसरीपासून थांबून राहिली. वासरू अजून पाण्यातच हाये."

असं म्हणून तिनं पुस्तक बाहेर काढलं आणि माईकवरून शेवटपर्यंत वाचलं. सतरंजीवरची पोरं सरकत सरकत पार तिच्या पायाशी आली. वासरू काठाला लागलं तेव्हा त्यांनी मांडव डोक्यावर घेतला. चिटणीस या नात्यानं मी टाळ्या वाजवल्या नाहीत; मात्र मला फार हायसं वाटलं, याची नोंद इतिवृत्तात नाही. वाचून झाल्यावर तिनं पुस्तक समोरच्या एका मुलीच्या हातात दिलं. मुलीचे हात चिवड्याचे होते.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा भरली. यापुढं वाचनाची आवड असलेल्या व्यक्तीस पाहुणे म्हणून बोलावू नये, असा ठराव एकमतानं झाला.

दुसरा ठराव आपल्यासंबंधी आहे, वाचकहो. मुलांसाठी म्हणून हौसेनं आणलेली पुस्तकं आपण दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, किल्ली वर ठेवून, आजवर कोरी करकरीत राखलीत. समिती आपलं हार्दिक अभिनंदन करते, आणि पुढल्या वर्धापनदिनी प्रमुख पाहुणे म्हणून आपण यावं अशी विनंती करते.