दाऊदभाईंची सिस्टम

भर उन्हात दाऊदभाई स्वतः उघड्या डोक्याने उभे राहत आणि छत्री मात्र यंत्रावर धरत. कारण विचारलं की म्हणत, "इंजिन तापलं की रुसतं, बाई. मला नुसता घाम येतो."

मुलांनो, तुमच्याकडे झाडं छाटायला शिडीची मोठी गाडी येते, असं तुमचे बाबा फोनवर सांगत होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या महाडात दाऊदभाईंची सिस्टम होती. फवारणीच्या पंपाचं पेट्रोल इंजिन, त्याला जोडलेली दोर गुंडाळणारी चरखी, आणि दोराच्या टोकाला लोखंडी नळ्यांची खुर्ची. दोर खालून फेकून वरच्या जाड फांदीवरून घ्यायचा, चरखी बुंध्याला आवळायची. इंजिन सुरू केलं की खुर्ची माणसासकट वर. यंत्र म्हटलेलं त्यांना खपत नसे. "यंत्र गिरणीत असतं. ही सिस्टम हाय!"

ही कल्पना त्यांनी कुवेतहून आणली होती. तिथे उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्यांचा पाळणा मोटरने वरखाली होई, आणि ती मोटर दाऊदभाई चालवत. गावी परतले तर त्यांचा बालमित्र धोंडू ओट्यावर बसून होता. महाडजवळच्या नाते गावचा हा धोंडू म्हणजे पंचक्रोशीतला पहिल्या प्रतीचा झाड छाटणारा. पण गुडघे गेले, चढणं संपलं, आणि त्याबरोबर त्याचं बोलणंही आटलं. हात मात्र पोलादी होते. "हात चांगले नि माणूस बसून! हे चालायचं नाय," असं दाऊदभाईंनी ठरवलं आणि पंपाचं इंजिन उघडलं.

पहिली चाचणी आपल्या अंगणातल्या आंब्यावर झाली, कारण त्याची एक फांदी आपल्या कौलांवर आली होती. धोंडूच्या वजनाची तांदळाची गोणी खुर्चीत बांधली. दाऊदभाईंनी "बिस्मिल्ला" म्हणून इंजिनाची दोरी ओढली. गोणी ऐटीत वर गेली आणि दोर फांदीच्या बेचक्यात रुतून बसला. गोणी ना वर जाईना, ना खाली येईना. ती सोडवायला झाडावर चढणारा माणूस हवा होता. तो नव्हता म्हणून तर सिस्टम!

दुसऱ्या दिवशी वानरांची टोळी आली. त्यांनी गोणी फाडली, पोटभर तांदूळ खाल्ले, उरलेले आमच्या डोक्यांवर उधळले. वजन उतरल्यावर दोर आपोआप सुटला आणि खुर्ची खाली आली. दाऊदभाई तांदूळ झटकत म्हणाले, "बघा, माल पोचवते. उतरवायचं तेवढं राहिलंय."

आमच्या ओट्याच्या पायरीवर बसलेला धोंडू कित्येक महिन्यांनी बोलला. "मला गोणी समजतोस काय रे? वानरांच्या पंगतीला वाढायचंय मला? मरेन, पण त्या खुर्चीत बसणार नाय."

दाऊदभाई हरले नाहीत. त्यांनी फांदीसाठी कप्पी बनवली, ती खालूनच वर ओढता येई आणि खाली सोडता येई. चरखीला खटका बसवला, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी दोर मागे सरकणार नाही. पुन्हा गोण्या चढवल्या, उतरवल्या. एकही अडकली नाही. धोंडूची मान मात्र आडवीच.

शेवटी एका सकाळी दाऊदभाई स्वतः खुर्चीत बसले. आता, हा माणूस स्टुलावर चढून बल्बसुद्धा बदलत नसे. कुवेतलाही ते मोटरच्या बटणापाशी जमिनीवरच उभे असत, हे त्यांनी मला आधीच एकदा सांगून टाकलं होतं. इंजिन तुमच्या आजोबांनी सांभाळलं. खुर्ची वर निघाली तसे दाऊदभाईंनी डोळे मिटले, आणि ओठ हलू लागले. शेंड्याजवळ जाऊन खाली आले तेव्हा चेहरा पांढराफटक होता.

"वर लय बरी हवा हाय," ते म्हणाले.

"डोळे मिटून गेलास, नि हवा बघतोस?" धोंडू म्हणाला.

"हवा काय डोळ्यांनी बघतात काय?"

धोंडू त्यांच्या थरथरत्या पायांकडे बघत राहिला. मग उठला, कोयती कमरेला खोवली आणि चपला काढल्या.

"आता झाडाला पाय लागायचा नाय. चपला घाल की!" दाऊदभाई म्हणाले.

"खुर्ची तुझी हाय. झाड तेच हाय ना?" झाडाला हात लावून तो अनवाणीच खुर्चीत बसला.

तो वर गेला, आणि काय सांगू, पानांआड शिरताच त्याचा जुना आवाज परतला. "हळू घे रे, आंधळ्या! कौलं फोडायचीत काय बाईंची?" आधी खालून चीर, मग वरून घाव, म्हणजे फांदी तुटताना साल सोलली जात नाही. फांदीला दोरी बांधून तो एकेक तुकडा अंगणात अलगद सोडत होता.

खाली दाऊदभाई चरखीपाशी उभे होते. इंजिन बंद होतं, खटका घट्ट बसला होता, तरी चरखीजवळचा दोर त्यांनी दोन्ही मुठींत आवळून धरला होता. तळवे लाल झाले होते.

मी चहा घेऊन गेले. "दाऊदभाई, खटका लागलाय ना? मग दोर कशाला धरलाय?"

त्यांनी नजर वरून काढली नाही.

"खटक्याला काय म्हायती, बाई, वर कोण बसलाय."