टिकलीच्या पुढचा आवाज

घंटागाडीवर कोणतं गाणं वाजवायचं, हा प्रश्न अख्ख्या गावात एकट्या कानिफनाथला पडला होता. खर्ड्याजवळच्या त्या गावात सोमवारपासून कचऱ्याची गाडी सुरू होणार होती आणि तिच्यावर वरातीतलं गाणं लावायचं ग्रामपंचायतीत जवळजवळ ठरलं होतं.

"कचरा वेगळा करायला सांगायचं, आणि गाणं वरातीचं?" कानिफ भर बैठकीत उठला. "मी करून देतो गाणं!" (तो बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. हे तो कुणी न विचारता सांगतो.)

"रविवारी पाचपर्यंत दे," सरपंच लंकाबाई म्हणाल्या. "न्हाईतर वरातच."

रविवारी सकाळी कानिफनं आपला वाजवायचा कीबोर्ड वायरीनं लॅपटॉपला जोडला. आधी नुसती चाल रेकॉर्ड करायची, मग वर गायचं, असा बेत. चाल वाजवली आणि ऐकून पाहिली. कीबोर्ड जणू पलीकडच्या गावात वाजत होता, आणि मधे डोंगर होता.

दुसरा कुणी वैतागला असता. कानिफला कुतूहल वाटलं, आणि ते जास्त धोक्याचं असतं. त्यानं जामखेडहून नवी वायर आणली. आवाज तेवढाच. लॅपटॉपमधली रेकॉर्डिंगची पातळी शंभरावर नेली. आता कीबोर्ड किंचित वाढला, पण त्याबरोबर कुकरची शिट्टी आली, कोंबडा आला, आणि सगळ्यांच्या वर, खणखणीत, आई आली :

"कानिफ्या! वल्ल्यात पिशवी कुनी टाकली रं? म्हशीच्या पोटात गेली म्हंजी? बी.एस्सी. झाला, पन वल्लं-सुकं कळंना!"

आई, म्हणजे पुष्पावती, अंगणात, कीबोर्ड मांडीवर. मग आईचा आवाज मोठा आणि कीबोर्डचा बारीक कसा? कानिफनं तासभर विचार करून सिद्धांत मांडला : वायर एरियलसारखी हवेतून आईला पकडते आहे. उपाय, अर्थिंग. त्यानं तांब्याची तार घेतली, एक टोक वायरीला गुंडाळलं आणि दुसरं गोठ्यातल्या ओल्या जमिनीत खोचलं. म्हैस तारेत अडकली. सिद्धांत मोडला, तारही मोडली.

साडेतीन वाजले तेव्हा त्यानं मंडप-स्पीकरवाल्या रशीदचाचांना फोन केला. ते आले, खाटेवर बसले, सगळं ऐकून घेतलं आणि लॅपटॉपमधून वायर उपसली.

"आता बोला कायतरी, भाऊ."

"काय बोलू?"

पडद्यावरची आवाजाची रेघ टुणकन उडाली.

"वायर माझ्या हातात हाय," रशीदचाचा म्हणाले. "मग ही कशापायी नाचती?"

कानिफ रेघेकडे बघत राहिला. लॅपटॉप वायरीतून काही ऐकतच नव्हता. तो आपल्या पोटातल्या माईकनं सगळं घर ऐकत होता. तीन वर्षं फिजिक्स, आणि वायर काढून बघायचं सुचलं नव्हतं.

त्यानं माईक बंद केला, वायरीची जागा निवडली, वायर परत खोचली आणि वाजवलं. आता आई गेली, कोंबडा गेला, पण कीबोर्ड अजून मुंगीएवढाच.

"याचा आवाज वाढवा की," चाचांनी कीबोर्डच्या बटणाकडे बोट दाखवलं. बटण दोनवर होतं. तिथंच शेजारी एक लाल टिकली चिकटवलेली होती.

"ते नाही वाढवता येत."

"बिघडलंय?"

"आईनं लावलीय टिकली. तिच्यापुढं न्यायचं नाही. आवाज वाढला की म्हशी पान्हा चोरतात."

रशीदचाचांनी कानिफकडे पाहिलं. गाव बदलायला निघालेला हा गडी दिवसभर वायरी बदलत होता, म्हशीला अर्थिंग देत होता, पण टिकलीला हात लावत नव्हता.

तेवढ्यात पुष्पावती बादली घेऊन आली. "रशीदभाऊ, धारंची येळ झाली. आवाज न्हाई पायजे हां!"

"न्हाई व्हायचा, ताई." चाचांनी वायरीचं कीबोर्डकडचं टोक काढून हेडफोनच्या भोकात घातलं. बाहेरचा आवाज पार बंद झाला. मग टिकली ओलांडून बटण आठापर्यंत फिरवलं. कानिफनं गोठ्याकडे पाहिलं. म्हशीनं निवांत पान्हा सोडला, आणि पडद्यावरची रेघ पहिल्यांदाच गुबगुबीत झाली.

कानिफ त्या चालीवर गायला, आणि पाचला पाच कमी असताना त्यानं गाणं लंकाबाईंच्या मोबाईलवर पाठवलं. सोबत ते आधीचं, आई आलेलं, फसलेलं रेकॉर्डिंगही पाठवलं. दोन्हींत फरक किती पडला, हे सरपंचांना कळायला नको?

सोमवारी सकाळी तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला. गाडी वळणावर आली आणि भोंग्यातून गर्जना झाली :

"कानिफ्या! वल्ल्यात पिशवी कुनी टाकली रं?"

आळीतली दारं धडाधड उघडली. बाया दोन-दोन बादल्या घेऊन पळत आल्या. आजवर कचरा कधीच वेगळा न करणारे सहादेवतात्यासुद्धा पिशव्या निवडत उभे होते.

लंकाबाई गाडीसोबतच होत्या. "गानं बी चांगलं हाय तुझं," त्या म्हणाल्या. "पन ते लावलं की लोक ऐकत बसत्यात. पुष्पाबाई लावली की उठत्यात."

गाडी पुढं गेली. भोंगा सगळ्या गावाला सांगत होता की बी.एस्सी. झाला, पन वल्लं-सुकं कळंना.

लंकाबाई दोन पावलं मागं आल्या. "आन् काय रं, त्येच्यात मागं बारीक पेटीवानी कायतरी वाजतंय. ते तेवढं काढता येईल का?"