एकशे त्रेसष्ट जणांची तारीख

आमच्या गावच्या न्यायव्यवस्थेतला वर्णभेद संपवायला मला साधारण सहा आठवडे लागतील, असा माझा अंदाज होता. त्यातला एक आठवडा सुट्टीत जाणार होता, तो मी आधीच वगळला होता.

झालं काय, की शाळांसाठी एक स्पर्धा निघाली. कोर्टात गोऱ्याला एक न्याय आणि काळ्याला दुसरा, हे थांबवायला तंत्रज्ञानाचा कसा उपयोग करता येईल ते विद्यार्थ्यांनी सुचवायचं. अमेरिकेत, टेनेसीतल्या आमच्या कॉर्बिनव्हिलमध्ये याचं उदाहरण शोधत फिरावं लागत नाही. माझ्या तर घरातच होतं. ल्यूशस मामा.

मामा शाळेची बस चालवतो. त्याच्या स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा फुटला आणि तिसऱ्याच दिवशी पोलिसांनी त्याला अडवलं. शेजारच्या हॉलिसचा दिवा दोन वर्षं लाल चिकटपट्टीवर चाललाय, पण हॉलिस गोरा. त्याला पोलीस जाता-येता हात करतात. मामाने दुसऱ्या दिवशी नवा दिवा बसवला, पण कोर्टाची पत्रं गेली जुन्या पत्त्यावर. एक तारीख चुकली, दुसरीही चुकली. तिसरीचं पत्र कसंबसं हाती लागलं. आता ती चुकली की वॉरंट, वॉरंट निघालं की लायसन्स जाणार, आणि लायसन्स गेलं की बस गेली. बस चालवण्याखेरीज मामाला काही येत नाही. स्वयंपाकसुद्धा येत नाही, आम्ही खाऊन बघितलाय.

म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'हजर'. तारखेच्या आदल्या दिवशी माणसाला मेसेज जाणार, आणि तो 'येतो' असं कळवेपर्यंत दर दहा मिनिटांनी जातच राहणार.

"आणि खरी गंमत पुढेच आहे," मी मामाला म्हणाले. "मेसेजमध्ये नाव नाही."

"का गं?"

"भेदभाव सुरू कुठून होतो, मामा? नावापासून. नाव वाचलं की माणूस काळा की गोरा ते समोरच्याला कळतं. म्हणून मी नाव काढूनच टाकलं."

"पण मेसेज मलाच येणार ना? मी काळा आहे हे मला माहितीये."

"तुला तंत्रज्ञानातलं काही कळत नाही," मी म्हणाले. "आता दुसरा एक नंबर दे. तू फोन बघत नाहीस. निरोप हमखास पोचवेल असं माणूस सांग."

मामा जरा लाजला आणि त्याने अर्लीन मावशीचा नंबर दिला. अर्लीन मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. ती चर्चच्या गायनात असते, आणि गेली दोन वर्षं मामा तिच्या शेजारची खुर्ची मिळवायच्या खटपटीत आहे.

"पण तिला कळेल ना, माझ्यावर खटला आहे म्हणून?"

"कसं कळेल? नाव कुठे आहे मेसेजात?"

"हां, मग ठीक आहे."

नाव नसेल तर ती निरोप कुणाला देणार, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही. आमच्या घराण्यातच ते आहे.

दुसरी एक गोष्ट मामा सांगायला विसरला. आमच्या काळ्यांच्या चर्चची प्रार्थना-साखळी अर्लीन मावशीकडे आहे. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असो की कुणाची नोकरी गेलेली असो, मावशीला कळवलं की सगळं चर्च प्रार्थना करतं. पूर्वी ती एकेकाला फोन करायची. मग कंटाळून तिने फोनमध्ये अशी सोय करून घेतली, की तिच्याकडे आलेला मेसेज आपोआप सगळ्यांना जावा. सगळे म्हणजे एकशे त्रेसष्ट माणसं.

तारखेच्या आदल्या दुपारी एकशे त्रेसष्ट फोन वाजले. 'उद्या सकाळी नऊ वाजता कोर्ट नंबर तीनमध्ये तुमची तारीख आहे. हजर न राहिल्यास तुमच्यावर वॉरंट निघेल. येणार असाल तर येतो असं कळवा.' दहा मिनिटांनी पुन्हा तेच, आणि पुढच्या दहा मिनिटांनी पुन्हा.

संध्याकाळी सहा वाजता मी पडद्यावर पाहिलं. 'येतो' म्हणणारे: एकशे एक्केचाळीस. मी आईला अभिमानाने सांगितलं, "प्रोग्राम मोजण्यात जरा चुकतोय, पण उत्साही आहे." आई म्हणाली, तुझ्यावर गेलाय.

सकाळी मी आठच्या आधीच कोर्टात जाऊन पहिल्या बाकावर बसले. स्पर्धेसाठी मामाचा हजर असतानाचा फोटो काढायचा होता. नऊ वाजले. गोरे जज्ज होलकम आले. नाव पुकारलं गेलं, "ल्यूशस पेटवे."

मामा नाही.

"पेटवे?" जज्जनी पुन्हा विचारलं आणि पेन उचललं. माझ्याच प्रोग्रामपायी मामाची बस जाणार, हे मला समोर दिसत होतं.

तेवढ्यात एक गोरा वकील धापा टाकत आत आला. "माफ करा, जज्जसाहेब. खाली दारात तपासणीला भयंकर रांग आहे."

"हो का? हरकत नाही, बसा, बसा," जज्ज म्हणाले, आणि मामाच्या कागदावर पेन टेकवलं.

मी कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही. "साहेब, माझा मामाही त्याच रांगेत असेल."

"तू कोण?"

"भाची. आणि रांग एकच आहे, साहेब. यांच्यासाठी वेगळी नाही."

वकील बिचारा बुटांकडे बघायला लागला. जज्ज काही बोलणार एवढ्यात दारावरचा गार्ड वर आला. त्याचा अवतार बघण्यासारखा झाला होता.

"साहेब, खाली दीडशे माणसं आहेत. सगळ्यांची म्हणे आज तारीख आहे. यादीत नाव एकाचंही नाही. बायकांच्या टोप्यांत पिना आहेत, दर बाईला यंत्र वाजतंय. शिवाय कुणीतरी चंदेरी कागदात गुंडाळून भाजलेली कोंबडी आणलीय."

खाली काय चाललं होतं ते मामाने मला मागाहून सांगितलं. मामा साडेआठलाच पोचला होता, रांगेत चौथा. मागून चर्चमधल्या म्हाताऱ्या आल्या. "मावशी, तुम्ही व्हा पुढे," असं म्हणत त्याने एकेकीला पुढे सोडलं. मग त्यांचे नवरे. मग गायनवाले. पावणेनऊला मामा सगळ्यात शेवटी होता. आपण इथे का आलो ते शरमेने सांगताही येईना. आणि रांगेत एकही माणूस 'मी तर काहीच केलं नाही' असं म्हणत नव्हता. 'कशाबद्दल असेल' एवढाच सगळ्यांना प्रश्न होता. पास्टरांना वाटत होतं, परवान्याशिवाय मासे धरले त्याबद्दल. नव्वदीच्या लोविनिया आजींनी वाचनालयाचं मुदत उलटलेलं एक पुस्तक सोबतच आणलं होतं.

"पेटवेला वर आणा," जज्ज म्हणाले. "आणि त्या लोकांपैकी कुणीतरी एक जबाबदार माणूस."

मामा आला, घामाने निथळत. बरोबर अर्लीन मावशी, पांढरे हातमोजे घातलेली, डोक्यावर जांभळी टोपी.

मी उभी राहून सगळं सांगून टाकलं. प्रोग्राम, नाव काढलेलं, दुसरा नंबर, सगळं. सांगताना माझ्याच कानांना ते इतकं येडपटपणाचं वाटलं की मी शेवट हळू आवाजात उरकला.

जज्जनी चष्मा काढला. "बाई, तुम्हाला बिननावाचा मेसेज आला. तो चुकून आला असेल, असं तुम्हाला वाटलं नाही?"

"साहेब," अर्लीन मावशी शांतपणे म्हणाली, "तुम्हाला आला असता तर तुम्हाला तसं वाटलं असतं. आम्हाला आला. आम्ही कपड्यांना इस्त्री केली आणि आलो."

जज्जनी उठून खिडकीतून खाली बघितलं. रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती, सगळे रविवारच्या कपड्यांत. मग त्यांनी मामाला विचारलं, "दिवा बसवला?"

"दुसऱ्याच दिवशी, साहेब."

"प्रकरण बंद."

मग त्यांनी कारकुनाला खाली पाठवून रांगेतलं प्रत्येक नाव तपासून घेतलं. नऊ जणांच्या तारखा खरोखरच चुकलेल्या निघाल्या. त्या नऊही जणांना ही गोष्ट आज पहिल्यांदा कळत होती. जज्जनी त्यांना तिथेच नव्या तारखा दिल्या आणि पत्ते नीट लिहून घ्यायला सांगितले.

बाहेर पायऱ्यांवर अर्लीन मावशीने मामाला गाठलं. "म्हणजे तारीख तुझी होती?"

"हो," मामा पुटपुटला.

"आणि मी तिथे रांगेत, पास्टरांच्या देखत कबूल करून बसले, की रविवारचा घरचा म्हणून देते तो केक मी दुकानातून आणते."

"केक चांगला असतो," मामा म्हणाला. मावशी टोपी सरळ करून निघून गेली. मामाने ते शुभ मानलं.

घरी जाताना मी मामाच्या गाडीत होते. लायसन्स खिशात आहे ना, ते त्याने तीनदा चाचपलं. मग म्हणाला, "केतुरा, पुढची कल्पना सुचली ना, की तुझ्या बापाकडच्या माणसांवर कर प्रयोग."

मी हो म्हटलं. बाबांकडची माणसं मनात मोजून पाहिली, तर जेमतेम चौदा भरली. एवढ्याशा लोकांवरून काही सिद्ध होणं कठीण आहे, पण सुरुवात कुठून तरी करायलाच हवी.