तीन मुठी सिनेमा

वीरेशने टीव्हीखाली काळा डबा ठेवला, तार जोडली आणि हात पुसत मामांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. डबा साबणाच्या वडीएवढा होता. गुरुबसप्पांनी तो उचलला, तळहातावर तोलला, कानाशी हलवला आणि मग नाकाशी नेला.

"मामा, वास न्हाई घ्यायचा ह्याचा."

"ओल कळती," गुरुबसप्पा म्हणाले.

उदगीरच्या मोंढ्यात गुरुबसप्पांनी पस्तीस वर्षं धान्याची प्रत ठरवली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीत कुणी साधा पंखा आणला तर तो आधी या अप्पांना दाखवला जाई. अप्पा 'हाव' म्हणाले की पंखा भिंतीला, 'न्हाई' म्हणाले की दुकानाला.

वीरेशचं नशीब सध्या त्या 'हाव'वर अडलं होतं. टीव्हीच्या सामानाचं दुकान उघडून पाच महिने झाले होते. दिवाळीपर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर डाळमिलवर येऊन पोत्यांची तोंडं शिवायची, असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं. गल्लीतली सहा घरं डबा घ्यायला तयार होती. फक्त अप्पांचा शब्द यायचा होता.

"आठ दिवस बघा मामा. नेटवरनं हजारो पिक्चर येतेत ह्याच्यात."

"हजारो असले तर समदे कामून बघायचे? नमुना घेऊ."

पोतं कुणी पूर्ण ओतून तपासत नाही. वरून एक मूठ, मधून एक, तळातून एक, झाला नमुना. वर टपोरी तूर आणि तळाला खडे भरणारी माणसं गुरुबसप्पांनी जन्मभर पाहिली होती. सिनेमावाले त्यांच्याहून फार निराळे असतील असं त्यांना वाटलं नाही. म्हणून प्रत्येक सिनेमाची पहिली पाच मिनिटं, मधली पाच आणि शेवटची पाच बघायची, आणि लगेच पुढचं पोतं उघडायचं, असं त्यांनी ठरवलं.

दिवस वैशाखाचे होते. दुपारी गल्लीत कुत्रंही हलत नसे. खिडकीला ओली चादर, कोपऱ्यात कुलरची घरघर, आणि त्या पाण्यात बुडाल्यासारख्या खोलीत टीव्ही निळाजांभळा उजेड सांडत असे. त्यांच्या पत्नी नीलम्मा पाटावर शेवया वळत बसत.

"अहो, हे लेकरू आत्ता रडत होतं. इतक्यात मिशा आल्या त्याला?"

"मधली मूठ हाय ती."

"आन ही बाई कोण?"

"ते पोतं गेलं. हे दुसरं."

नीलम्मा पुन्हा शेवयांकडे वळत. मुठी घेता घेता गुरुबसप्पांचे डोळे मिटत, उघडत, पुन्हा मिटत. डबा कुणासाठी थांबत नसे. तूर आणि हरभरा वेगळा करायला चाळणी मिळते. पण यातलं पडद्यावर काय झालं आणि पापणीमागे काय झालं, हे निवडायला चाळणी नव्हती. अप्पांना तिची गरजही भासली नाही. आपण झोपतो हेच त्यांना मान्य नव्हतं.

संध्याकाळी ओट्यावर गल्ली जमे. समोरच्या कमलम्मा, चाकूरकडची शेती लेकावर सोपवून आलेले किशनराव, आणखी दोनचार घरं. "काय अप्पा, माल कसा हाय?" असं कुणीतरी विचारी, आणि अप्पा जे पाहिलं ते सांगत. मंडपातून एक नवरदेव पळतो. पळत पळत बर्फात जातो. तिथं एक लांडगा त्याला वाट दाखवतो. लांडग्यामागून तो कोर्टात शिरतो आणि जज्जाच्या खुर्चीवर बसून स्वतःच्या सासूला जन्मठेप देतो.

"बरं केलं," कमलम्मा म्हणाल्या.

"मंग तितनं एक रेल्वे निघती. ल्हान ठेसन. एक नवी नवरी उतरती. हातात पिवळी पिशवी. न्यायला कुणीच न्हाई. गाडी निघून जाती. ती पोत्याच्या थप्पीवर बसती अन् रस्त्याकडं बघती. ऊन उतरतं. थप्पीची सावली तिच्या पायावर येती."

किशनरावांच्या हातातला चहा निवला.

"मंग? आलं का कुणी न्यायला?"

"तितंच ऱ्हायलं बघा."

तीन दिवस गल्लीला ती नवरी पुरली. कमलम्मांना भाकरी थापताना ती दिसे. आठव्या दिवशी अप्पांनी ओट्यावर उभं राहून 'हाव' म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत सहाच्या सहा घरांत डबे लागले. वीरेशने घरी पेढे नेले. वडिलांनी एक उचलला.

त्यानंतर चौथ्या दिवशी कमलम्मा डबा पदराखाली घेऊन दुकानात आल्या. मागून किशनराव, त्यांच्या मागून बाकीची चार घरं.

"ह्याच्यात ती नवरी न्हाई," कमलम्मा म्हणाल्या. "समदं उलथंपालथं करून बघितलं. लांडगा हाय, पण त्याच्या पुढं कोर्ट न्हाई."

"मावशी, लांडग्याचा पिक्चर येगळा आन कोर्टाचा येगळा."

"मग अप्पांच्या डब्यात सलग कसं हाय? त्यान्ला चांगला दिला अन् आमाला कसला दिला रे?"

वीरेश दुकानाचं शटर अर्धं ओढून मामांकडे पळाला. डब्यात पाहिलेल्या सिनेमांची सगळी यादी असते. त्याने ती एकेक करून उघडली, आणि मागोमाग आलेली गल्ली दारात उभी राहून बघू लागली. नवरदेव सापडला. बर्फ सापडला. सासू तर दोन सिनेमांत सापडली. शंभरावर पोती उघडून झाली, पण पिवळ्या पिशवीची नवरी एकातही निघाली नाही.

गुरुबसप्पा खुर्चीच्या कडेवर बसले होते. शेवटी हळू आवाजात ते म्हणाले, "किशनराव, भेसळ झाली. आन ती मीच केली. माझा शब्द मागं घेतो. डबे परत देऊन टाका."

वीरेशला समोर डाळमिल दिसली. सुई आणि सुतळीसकट.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून नीलम्मा म्हणाल्या, "पिशवी पिवळीच होती. भालकीच्या कापड दुकानाची."

सगळे वळले.

"लग्नानंतर पैल्यांदा म्हायेराहून एकटी आले, भालकीहून. ह्यांनी न्यायला यायचं होतं. बसले अडीच तास थप्पीवर. हे मोंढ्यात तूर तपासत होते." त्या पदराला हात पुसत होत्या. "चाळीस वर्षांत एकदा बोलले न्हाईत त्याच्यावर. आता समद्या गल्लीला सांगून ऱ्हायले, लांडगा घालून."

गुरुबसप्पांनी बायकोकडे बघितलं. चाळीस वर्षं तळाशी पडून राहिलेली मूठ कुणीतरी त्यांच्या तळहातावर ठेवली होती, आणि तिची प्रत काय लावावी हे त्यांना कळेना.

"मग शेवट काय झाला, अव्वा?" कमलम्मांनी विचारलं.

"शेवट कशाचा. हे आले घामाघूम होऊन. 'चल' म्हणाले. झालं."

"हा काय शेवट हाय?" कमलम्मा नाराज झाल्या. किशनरावांनाही पटलं नाही.

नीलम्मा दुसऱ्या दिवशी भावाच्या घरच्या वास्तुशांतीला भालकीला जाणार होत्या आणि रविवारच्या गाडीने परतणार होत्या. गुरुबसप्पा उठून उभे राहिले. मोंढ्यात लिलावाच्या वेळी लावत तसा आवाज लावून म्हणाले, "येत्या रविवारी गाडीच्या आधी एक तास मी ठेसनावर."

"मग आमी बी येतो," कमलम्मा म्हणाल्या. "शेवट डोळ्यानं बघू. ब्येस झाला तर डबा ठिऊ, न्हाईतर वीरेश, तुझा तुला."

रविवारी दुपारी सहा घरांना कुलपं लागली. गुरुबसप्पांनी इस्त्रीचं धोतर नेसलं, किल्ली खिशात घातली आणि घाईत मोबाईल टीव्हीपाशी चार्जिंगला तसाच ठेवून निघाले. वीरेश दुकान बंद करून आला. फलाटावर निंबाच्या सावलीत गल्ली ओळीने बसली. कमलम्मांनी शेंगदाणेही आणले होते. ऊन रुळांवर पाण्यासारखं हलत होतं. दूरची माणसं त्यात कमरेपर्यंत बुडालेली दिसत. गाडी उशिरा आहे, असं कुणीतरी सांगून गेलं. गुरुबसप्पा बसले नाहीत. अडीच तास ते फलाटाच्या टोकाला, भालकीच्या दिशेला तोंड करून, उन्हात उभे राहिले. किशनराव हळूच म्हणाले, "डब्यात एवढं ब्येस न्हाई दिसत." वीरेशचा जीव जरा भांड्यात पडला.

गाडी आली. एक फौजी उतरला, दोन कोंबड्या घेऊन एक म्हातारा उतरला, तीन शाळामास्तर उतरले. गाडी निघून गेली.

गाडीला उशीर आहे हे नीलम्मांना भालकीतच कळलं होतं. भावाने त्यांना एसटीत बसवून दिलं आणि त्या कधीच्या गल्लीत पोचल्या होत्या. दाराला कुलूप. त्यांनी नवऱ्याला फोन लावला, तो दाराच्या आत वाजला. पुन्हा लावला, पुन्हा आत वाजला. मग त्यांच्या फोनची बॅटरी संपली. समोर कमलम्मांकडे कुलूप, शेजारी किशनरावांकडे कुलूप. गल्लीत औषधाला माणूस नव्हता.

गल्ली परतली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. नीलम्मा दाराला टेकून पायरीवर झोपल्या होत्या. मांडीवर वास्तुशांतीच्या लाडवांची पुडी, आणि पाय सावलीत.

सगळे जागीच थांबले. वीरेश मामांच्या कानाशी गेला.

"मामा, किल्ली तुमच्यापाशी हाय. कुलूप उघडा."

"थांब जरा," गुरुबसप्पा कुजबुजले. "जागी झाली की बोलंल."

कमलम्मा आपल्या पायरीवर अलगद बसल्या, पदर सावरला आणि पुड्यातले उरलेले शेंगदाणे किशनरावांपुढे धरले.

"वीरेश," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "डबे ऱ्हाऊ दे. अन् तू मधून सरक, दिसंना."